आखाउड्याचा रस्ता

कोमिल्ला, बांगलादेश
१५ जुलै २०२४

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हातानं लिहून फोटो पाठवते आहे. सुनीलदादा त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तो कागदावर काढून देईल. संगमनेरला पप्पांशी मी रोज बोलते, पण पप्पा ऐकतात कमी आणि घाबरतात जास्त.

इथे मेडिकल कॉलेजात गेले पंधरा दिवस धड तास होत नाहीत. सगळीकडे मोर्चे चालू आहेत. कारण ऐकून तुम्हाला नवल वाटेल. एकाहत्तरच्या लढाईत इथले जे लोक लढले, त्यांच्या मुलानातवंडांसाठी सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. बाकीची मुलं म्हणतात, त्रेपन्न वर्षं झाली, आता पुरे. माझी रूममेट ताहमिना रोज मोर्चाला जाते. काल जेवताना मला म्हणाली, "तुझे आजोबा इथेच लढले ना? मग तूही अर्ज कर, लागेल नोकरी." आम्ही दोघी खूप हसलो.

मग तिनं विचारलं, ते नेमके कुठे होते, त्यांनी काय पाहिलं? मला काहीच सांगता आलं नाही. आखाउडा इथून बसनं दोन तासांवर आहे. आगरतळ्याहून येताना मी तिथल्याच सीमेच्या नाक्यातून इकडे येते. तुमच्या तोंडून ते नाव मी एकदाच ऐकलंय. काय झालं होतं तिथे? मी आता तिसऱ्या वर्षाला आहे, लहान नाही. सांगा ना.

मी मोर्चाला जात नाही. काळजी नसावी.

तुमची राजी


कर्जत
१७ जुलै २०२४

चि. राजनंदिनीस आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सुनीलनं अक्षर मोठं करून दिलं, चष्मा लागला न्हाई. हिकडं लिंबाची तोडनी चालू हाय. तुझी आजी गुडघ्यानं बेजार हाय, पन बसत न्हाई.

एकाहत्तरला मी वीस वर्षांचा हुतो. रणगाड्यात आमी तिघं असायचो. मी गोळा भरायचो. त्या तोफेनंच कान गेले. पानी लई हुतं, चिखल लई हुता. लढाई जिंकली. बाकी सांगन्यासारखं काय न्हाई.

आता माझं ऐक. सुरुवातीला पोरं गानी म्हनत मोर्चा काढत्यात. चार दिसांनी गानी बंद हुत्यात. तवा तिथं थांबायचं न्हाई. एक पिशवी आत्ताच भरून ठेव. पासपोर्ट अंगावर ठेव, पेटीत नको. पहिली गाडी मिळंल तिच्यात बस. कोनाला निरोप देत बसू नको. निरोपात गाडी जाती.

तुझा
बजरंगआबा


कोमिल्ला
२० जुलै २०२४

आबा,

नेट परवा संध्याकाळपासून बंद आहे. हे पत्र जाणार नाही, तरी लिहिते आहे. आजपासून कर्फ्यू लागलाय.

तुमचं खरं झालं. गाणी बंद झाली. परवा दुपारपासून हॉस्पिटलात माणसं येताहेत. रिक्षातून, हातगाडीवरून, एकजण तर दुकानाच्या शटरच्या पत्र्याचं स्ट्रेचर करून आणलेला. मोठे डॉक्टर पुरेनात, तेव्हा आम्हा तिसऱ्या वर्षाच्या मुलींना होस्टेलवरून बोलावलं. सकाळी मी फक्त ट्रे धरत होते. दुपारी चिमटा माझ्या हातात दिला. पाठीतून छर्रे काढायचे आणि भांड्यात टाकायचे. तो आवाज मला आवडत नाही. पप्पांना लँडलाइनवरून सांगितलं, की मी होस्टेलवर झोपून आहे. ते तसंच राहू द्या.

मतीन सर म्हणून गणिताचे शिक्षक आहेत, चाळिशीचे. शाळेतली मुलं रस्त्यावर उतरली म्हणून त्यांना परत आणायला गेले, आणि दोन्ही डोळ्यांत छर्रे लागले. डोळ्यांवर पट्ट्या आहेत, त्यामुळे मला त्यांनी पाहिलेलं नाही. माझं मोडकंतोडकं बंगाली ऐकून विचारलं, "तू कुठली?" म्हटलं, महाराष्ट्रातली. म्हणाले, "म्हणजे नाशिकच्या कांद्याची?" म्हटलं, शेजारच्या जिल्ह्यातली, पण कांदा आमच्याकडेही पिकतो. तेवढ्यातही हसले. म्हणाले, "उद्या सकाळी पट्टी तूच बदल. तुझा हात हळू आहे."

हो म्हटलंय.

ताहमिना माझ्याबरोबरच आहे. तिचे पाय सुजलेत. मी तिला खोलीवर जाऊन झोप म्हणते, ती मला म्हणते. दोघीही जात नाही.

राजी


कर्जत
२१ जुलै २०२४

चि. राजी,

चार दीस झाले, तुझा कागद न्हाई. रोज सकाळी सुनीलचं दुकान उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसतो. त्यो मोबाईल दाखवतो. म्हनतो, आबा, तुमचं पत्र पोचलं हुतं, पन त्याच्यामागनं 'कशी हायस' म्हनून धाडलं ते तिकडं पोचंना, एकच टिक हाय. ती दुसरी टिक कवा येती ते बघत बसलोय.

अजिनाथ संगमनेरवरनं आलाय. दूध संघात रजा टाकून आला. तुझ्या बापाला काय सुचंना. फोन लावतो, ठेवतो, अंगनात जातो, परत येतो. आमी एका खोलीत बसतो पन बोलत न्हाई. आवाज नसला तरी टीव्हीतलं मला सगळं कळतं. काल एक रस्ता दाखवला. दोन्ही बाजूला पानी, मधी उंच रस्ता. मी वळखला. उठून बाहेर गेलो.

तू वार्डात अशील. तुझा बाप म्हनतो होस्टेलवर झोपलीया. मला पटलं न्हाई. तू झोपनारी न्हाईस.

निघ. दुसरं काय लिहू.

आबा


संगमनेर
२७ जुलै २०२४

ती. आबांना नमस्कार.

मी पोचले हे पप्पांनी कळवलंच आहे. आखाउड्याचा नाका ओलांडून फोनला नेट मिळालं आणि तुमचं सगळं एकदम आलं. माझं वीस तारखेचंही आता सुनीलदादाकडे पाठवलंय, ते आधी वाचा.

एकवीस तारखेला सकाळी सहाला वॉर्डन आली. म्हणाली, इंडियन मुलींनी दहा मिनिटांत खाली या, बस आली आहे, पुढे पोलिसांची गाडी असेल. पिशवी भरलेली होती. पासपोर्ट अंगावर होता. ताहमिना समोरच्या इमारतीत वॉर्डात होती. पटांगण ओलांडलं की दोन मिनिटं. माझ्याकडे दहा होती, आबा. मी केसांना रबर लावलं, बाटली भरली, बाथरूमला जाऊन आले. आणि थेट बसमध्ये जाऊन बसले.

तुमचं पत्र आठवलं, निरोपात गाडी जाते. पण ते तिथे आठवलं नाही. ते बसमध्ये बसल्यावर आठवलं, जेव्हा मला काहीतरी कारण हवं होतं. खरं कारण असं की मी वॉर्डात गेले असते, तर ताहमिनाच्या तोंडाकडे बघून मला निघता आलं नसतं. म्हणून गेले नाही. आठ वाजता मतीन सरांची पट्टी बदलायची होती.

रस्त्यावर माणूस नव्हता. आगरतळ्याला पोचलो तर चहा, बिस्किटं, फोटो. मी फोटोत हसले आहे. तो इथल्या पेपरात आला, "संगमनेरची कन्या सुखरूप". दूध संघात माझा सत्कार झाला. नारळ घेऊन उभी होते आणि पप्पांचे साहेब म्हणाले, "शेवटी सैनिकाची नात. रक्तातच आहे."

घरी येताच तो नारळ मी मागच्या दारी टाकून दिला.

पप्पा म्हणतात, आता परत जायचं नाही. फार्मसीला घालतो. ताहमिनाला तीन मेसेज केले. ती वाचते, उत्तर देत नाही. आबा, तुम्ही एवढी लढाई लढलात. मला चार दिवस जमलं नाही. तुम्हाला माझी लाज वाटत असेल तर तसं लिहा. गोड लिहू नका.

राजी


कर्जत
७ ऑगस्ट २०२४

चि. राजी,

दहा दीस हा कागद लिहितो आनि फाडतो. परवा तिकडचं सरकार पडलं. टीव्हीत पोरं नाचत हुती. मी बघत हुतो आनि मनात म्हनलं, ही किती रात्री झोपली न्हाईत, ह्यांच्या बरूबरची किती कायमची झोपली. मग ठरवलं, की लिहायचंच.

मी लढलो न्हाई, राजी.

आखाउड्याच्या पुढं आमचा रणगाडा एका तळ्याच्या काठाला चिखलात रुतला. वायरलेस बंद पडला हुता. आमच्या गाड्याचे म्होरके, दफेदार करतारसिंग म्हनले, बजरंग, मागं जा, ओढायला गाडी घेऊन ये. दीड कोस जायचं हुतं. मी निघालो. अर्ध्या वाटंत गोळे पडाय लागले. मी एका घरात शिरलो. एक म्हातारी बाई हुती. तिनं चुरमुरे दिले, अंगावर गोधडी टाकली.

तासाभरात गोळे थांबले. मी उठलो न्हाई. संध्याकाळ झाली, उठलो न्हाई. दुसऱ्या दिशी दुपारपतूर तिथंच. ती बाई दाराकडं हात करून काय तरी सांगायची. मला भाषा कळत न्हवती, पन दार कळत हुतं की.

मग परत गेलो. गाडा जळाला हुता. करतारसिंग आनि ड्रायव्हर पेरुमल, दोघं आतच. पेरुमल माझ्यापेक्षा एका वर्षानं धाकटा. साहेबानं विचारलं, कुठं हुतास? म्हनलं, वाट चुकलो. त्यानं वहीत लिहिलं, वाट चुकला. पुन्हा कोनी विचारलं न्हाई. त्रेपन्न वर्षं मी वाट चुकलेला मानूस म्हनून जगलो आनि लोक मला लढलेला म्हनत्यात.

मी येळेला गेलो असतो तर ती दोघं वाचली असती का? ठावं न्हाई. गाडी मिळाली असती का, तीबी ठावं न्हाई. ठावं नसनं हेच मला मिळालंय.

आनखी एक सांगतो. तुझा बाप एकोनीस वर्षांचा असताना नगरला सैन्याच्या भरतीला गेल्ता. पळायच्या परीक्षेत मधीच खाली बसला. मी त्याच्याशी वर्षभर बोललो न्हाई. चारचौघांत म्हनलो, माझ्या पोटी भित्रं निघालं. कोन म्हनत हुतं ते बघ.

तुझं आनि माझं एक न्हाई. तुला जा म्हनून सांगितलं आनि तू गेलीस. मलाबी जा म्हनून सांगितलं हुतं. आनि निरोप देऊ नको हे तुला कुनी शिकवलं? मीच. भित्र्या मानसाची अक्कल मी तुला शहानपन म्हनून दिली.

हा कागद फाडून टाक. अजिनाथला दाखवू नको.

आबा


संगमनेर
२५ ऑगस्ट २०२४

ती. आबा,

इतके दिवस उत्तर लिहिलं नाही. मला तुमचा राग आला होता. गाडा, दफेदार, पेरुमल, त्यासाठी नाही. पप्पांसाठी. मी लहानपणापासून बघते, टीव्हीवर परेड लागली की पप्पा चॅनेल बदलतात. मला वाटायचं, त्यांना कंटाळा येतो.

पत्र फाडलं नाही. माझ्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे. पप्पांनाही दाखवलं नाही. पण ते सांगणं तुमचं काम आहे, माझं नाही.

ताहमिनाचा काल मेसेज आला. एवढाच: "कॉलेज सुरू झालं. तुझी खाट रिकामी आहे. नवीन मुलगी मागते आहे, देऊ का?" मी लिहिलं, देऊ नकोस. आता पप्पांना सांगायचं आहे. पप्पा ऐकणार नाहीत. म्हणतात, तिकडे आपल्या लोकांवर राग आहे, घरं जाळताहेत, तू बातम्या बघत नाहीस का. बघते. मला भीती वाटतच नाही असं नाही. तुम्ही याल का?

राजी


कर्जत
२९ ऑगस्ट २०२४

चि. राजी,

सोमवारच्या एस.टी.नं येतो. नगरला गाडी बदलावी लागंल. आजी म्हनती, भांडू नका. भांडायला येत न्हाई.

आबा


कोमिल्ला
१८ ऑक्टोबर २०२४

ती. आबांना नमस्कार.

पोचून महिना झाला. पप्पांना तुम्ही त्या दिवशी ओसरीत काय सांगितलंत, ते मी स्वतः ऐकलं नाही. आई म्हणाली, तुम्ही एवढंच म्हणालात, "तिला अर्ध्यात बसवू नको." आणि पप्पा उठून गेले. तिकीट मात्र त्यांनीच काढलं.

ताहमिना नऊ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मीठ दे, पंखा लाव. दहाव्या दिवशी मीच विषय काढला. म्हटलं, मी पळाले. ती कपडे घडी करत होती. म्हणाली, "त्याचा राग नाही. मला जायला दुसरा देश असता तर मीही गेले असते. पण मी दोन तास तुला शोधत होते. आधी वॉर्डात शोधलं, मग जखमींत शोधलं. मग खाली, जिथे झाकून ठेवलेले असतात, तिथे." हे सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

आबा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मतीन सरांकडे गेले होते. एक डोळा गेला. दुसऱ्यानं उजेड दिसतो, माणूस दिसत नाही. तरी शाळेत जातात, फळ्यावर मुलं लिहितात आणि हे तोंडी शिकवतात. मी नाव सांगितलं, कांद्याचं सांगितलं. त्यांना काही आठवेना. म्हणाले, "त्या दिवसांत पुष्कळ हात होते, बेटी." त्यांच्या बायकोनं चहा केला. मी काय म्हणायला आले होते ते म्हणालेच नाही. निघताना त्यांनी विचारलं, परत येशील ना? सांगितलं, दर शुक्रवारी येईन. येते आहे. मुलांच्या वह्या वाचून दाखवते. माझं बंगाली ऐकून ते अजूनही हसतात.

राजी


कर्जत
३० नोव्हेंबर २०२४

चि. राजी,

टीव्हीत पुन्हा दोन्ही देशांचं काय काय दाखवत्यात. झेंडे तुडवत्यात, घोषना देत्यात. अजिनाथ दर दोन तासाला तुला फोन करतो हे मला ठावं हाय. तुझी आजी म्हनती, बोलवून घ्या.

मी जा म्हनत न्हाई. ऱ्हा बी म्हनत न्हाई. हितनं मला तुझा रस्ता दिसत न्हाई, तुला दिसतो. मागं तुला एक सांगितलं हुतं ते मोडून काढतो. जायचं असंल तर सांगून जा. गाडी गेली तर दुसरी येती.

आबा


कोमिल्ला
५ डिसेंबर २०२४

ती. आबांना नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं आणि बुधवारी गाडी आली. आगरतळ्यात काहीतरी गडबड झाली होती, त्यामुळे इकडेही वातावरण तापलं. वॉर्डन म्हणाली, ज्या इंडियन मुलींना जायचंय त्यांनी चारपर्यंत फाटकाशी या.

पिशवी भरली. खांद्याला लावूनच बाळंतिणींच्या वॉर्डात गेले. ताहमिना एका बाईचं बीपी घेत होती. म्हटलं, "मी चाललेय. सांगायला आले." तिनं आधी आकडा लिहून घेतला. मग म्हणाली, "जा. खरंच जा. मी रागावणार नाही." त्या पेशंटनंही माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कुठे चालली ही?

जुलैत मी फक्त पळायचं की नाही एवढंच बघत होते. काल ताहमिना जा म्हणाली, आणि मला पहिल्यांदा नीट विचार करता आला. रस्त्यावर काय आहे, होस्टेलच्या फाटकावर कोण आहे, मोर्चा कुठून निघतो, हे आता मला इथल्या मुलींइतकंच कळतं. भीती होती. पण गाडीत बसण्याइतकी नव्हती. मी खाली गेले आणि ड्रायव्हरला सांगितलं, माझं नाव काढा. चार मुली गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही. एकीची आई आजारी आहे. सगळ्यांना मिठी मारून पाठवलं, गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली.

आज काहीही झालं नाही. सात बाळंतपणं झाली.

पप्पांना सांगितलंय. फोन चालू ठेवून नुसते श्वास घेतात.

राजी


कर्जत
९ डिसेंबर २०२४

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र शनवारी आलं आनि त्याच दिशी तुझा बापबी आला. मोटारसायकलवरनं, संगमनेरवरनं थेट. मी लिंबाच्या बागंत आळी करत हुतो. त्यो आला आनि माझ्या हातातलं खोरं काढून घेतलं. माझ्या डाव्या कानाशी येऊन म्हनला, "तुमीच तिला शिकवलं. तिला काय झालं तर? तुमाला काय, तुमी लढाया बघितल्यात."

मी म्हनलं, बस खाली. आनि सांगितलं. तुला लिहिलं हुतं ते सगळं. तळं, म्हातारी, चुरमुरे, दार. करतारसिंग, पेरुमल. त्या वहीत काय लिहिलं ते. सांगताना त्याच्याकडं बघितलं न्हाई, आळ्याकडं बघितलं. मग भरतीचं सांगितलं. म्हनलं, त्या वर्षात तुझ्याशी बोललो न्हाई, कारन तुला बघितलं की मला माझंच तोंड दिसायचं.

त्यानं खोरं बाजूला ठेवलं. मला वाटलं, उठून जातो. मग परत कानाशी आला. म्हनला, "आबा, मी बसलो न्हवतो. चक्कर येऊन पडलो हुतो. डोळं उघडलं तवा तंबूत हुतो, हाताला सुई हुती. तुमी विचारलंच न्हाई."

अठ्ठावीस वर्षं, राजी. मी विचारलंच न्हाई. कुनी तरी येऊन सांगितलं, तुमचा पोरगा मधीच बसला, आनि मी ते धरून बसलो.

मी म्हनलं, आता विचारतो. काय झालं हुतं ते पैल्यापासनं सांग.

मग त्यो सांगाय लागला. पहाटं काय खाल्लं न्हवतं ते, कोन कोन बरूबर हुतं ते, कितव्या फेरीला डोळ्यापुढं अंधारी आली ते. मला ऐकू यावं म्हनून वरडून वरडून सांगत हुता. शेजारच्या वस्तीवरची मानसं बांधावर येऊन बघाय लागली, बापल्योकाचं भांडान लागलं म्हनून. तुझी आजी गुडघा धरत पळत आली, म्हनली, अरं, हळू बोल. तर त्यो तिलाच म्हनला, "हळू बोललो तर ह्यांना कळायचं न्हाई," आनि जिथं थांबला हुता तिथनं परत सुरू झाला.

तुझा
आबा